एक डोंगर, एकच आठवडा, दोन तुकड्या : हाक्कोदा, जानेवारी १९०२

जपानच्या उत्तर टोकाला, आओमोरी शहराच्या दक्षिणेस हाक्कोदा नावाचा ज्वालामुखी पर्वतांचा समूह आहे. उंची फार नाही. सर्वोच्च शिखरही १६०० मीटरच्या आतच. परंतु सायबेरियावरून निघालेले कोरडे गार वारे जपानच्या समुद्रावरून येताना बाष्प शोषून घेतात आणि ते सारे याच डोंगरांवर बर्फाच्या रूपाने रिते करतात. जगातील सर्वाधिक हिमवृष्टीच्या प्रदेशांत या भागाची गणना होते.

जानेवारी १९०२ मध्ये या डोंगरात जपानी सैन्याच्या दोन तुकड्या स्वतंत्रपणे शिरल्या. एकीत २१० माणसे होती. त्यांतील १९९ मरण पावली. दुसरीत ३७ सैनिक आणि एक वार्ताहर होता. त्यांतील एकही दगावला नाही. थंडी दोघांनाही सारखीच होती. मग अंतर कुठे पडले?

आधी प्रयोजन. १८९४-९५ च्या चीनविरुद्धच्या युद्धात जपान जिंकला खरा, पण मांचुरिया आणि शांतुंगच्या हिवाळ्यात हजारो जपानी सैनिक हिमदंशाने निकामी झाले. पुढचे युद्ध रशियाशी होणार आणि तेही अशाच थंडीत, हे सेनाधिकाऱ्यांना दिसत होते. शिवाय रशियन आरमाराने आओमोरीच्या किनाऱ्यावरील रस्ता व लोहमार्ग तोडला, तर डोंगरातून सैन्य व रसद नेता येईल काय, हाही प्रश्न होता. आठव्या डिव्हिजनच्या दोन रेजिमेंटांनी याचे उत्तर शोधायचे ठरवले : आओमोरीची पाचवी आणि हिरोसाकीची एकतिसावी.

पाचव्या रेजिमेंटचा बेत साधा होता. आओमोरीहून निघायचे, सुमारे २० किलोमीटर चालून ताशिरो येथील उष्ण पाण्याच्या झऱ्यांपाशी मुक्काम करायचा. नेतृत्व कॅप्टन कान्नारी बुन्किची याच्याकडे होते. १८ जानेवारीला त्याने आपल्या कंपनीसह अर्ध्या वाटेपर्यंत जाऊन चाचणी घेतली. त्या दिवशी हवा स्वच्छ होती, ऊन होते, स्लेज सहज ओढल्या गेल्या. या एका चांगल्या दिवसाने पुढचा सारा अंदाज बिघडवला.

२३ जानेवारीच्या सकाळी सात वाजण्यास पाच मिनिटे कमी असताना तुकडी बराकीबाहेर पडली. शिपायांपैकी बहुतेक इवाते आणि मियागी प्रांतांचे, म्हणजे हाक्कोदाच्या बर्फाशी परिचय नसलेले. मुक्काम उष्ण झऱ्यांवर आहे म्हटल्यावर अनेकांच्या मनात मोहिमेपेक्षा सहलीचीच भावना अधिक होती. सोबत चौदा स्लेज होत्या. तांदूळ, डबाबंद मांस, कोळसा, स्वयंपाकाची मोठी भांडी अशा ऐवजाने लादलेल्या त्या प्रत्येक स्लेजचे वजन सुमारे ८० किलो होते.

तुकडीबरोबर बटालियनचा प्रमुख मेजर यामागुची शिन हाही निघाला होता. कागदोपत्री तो निरीक्षक. परंतु ज्येष्ठ अधिकारी सोबत असताना कनिष्ठाचा हुकूम कितपत चालतो, हे कोणत्याही सैन्यात सांगावे लागत नाही. पुढच्या दोन दिवसांत काही निर्णायक आज्ञा कान्नारीच्या तोंडून न निघता यामागुचीच्या तोंडून निघाल्या.

डोंगरापूर्वीचे शेवटचे गाव तामोगिनो. तिथल्या लोकांनी सैनिकांना अडवले. जुन्या पंचांगानुसार ते दिवस डोंगरदेवाचे होते. त्या दिवसांत डोंगरात जाऊ नये, हमखास वादळ होते, असा त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव. जायचेच असेल तर वाटाड्या घेऊन जा, असेही त्यांनी सुचवले. अधिकाऱ्यांनी नकार दिला. नकाशा व होकायंत्र जवळ असताना शेतकऱ्यांची वाट कशाला विचारायची, आणि हे लोक पैशासाठीच बोलत असणार, असा तो विचार होता. देवाच्या नावाने सांगितलेल्या गोष्टीत हवामानाचे निरीक्षण दडलेले असू शकते, हे आधुनिक शिक्षण घेतलेल्या त्या अधिकाऱ्यांच्या ध्यानी आले नाही.

दुपारी कोतोगे या खिंडीपाशी जेवणासाठी थांबा झाला. डब्यातला भात गोठून दगड झाला होता. हवा पालटू लागली होती. सोबतच्या डॉक्टरने परत फिरण्याचा सल्ला दिला. अधिकाऱ्यांची चर्चाही झाली. पण कनिष्ठ अधिकाऱ्यांपैकी काहींनी माघारीस विरोध केला, आणि तुकडी पुढे निघाली. त्या क्षणी गाव हाकेच्या अंतरावर नसले तरी आवाक्यात होते.

पुढे बर्फ कमरेपर्यंत, कुठे छातीपर्यंत. स्लेज रुतू लागल्या. त्या ओढणारे शिपाई घामाने भिजले, आणि खरा धोका इथेच सुरू झाला. कोरड्या हवेच्या तुलनेत पाणी शरीरातील उष्णता सुमारे पंचवीसपट वेगाने वाहून नेते. घामाने ओला झालेला कपडा हे अंगावरचे पांघरूण राहत नाही. तो उष्णता बाहेर नेणारा मार्ग बनतो. थांबल्याबरोबर तोच घाम गोठतो. म्हणून अति थंडीत काम करणाऱ्यांचा पहिला नियम असा, की घाम येईल इतके कष्ट करू नयेत आणि चालण्यापूर्वी एखादा थर काढून ठेवावा. स्लेज ओढणाऱ्या शिपायांना यांतले काहीच शक्य नव्हते. शेवटी स्लेज टाकून देण्यात आल्या आणि जड सामान माणसांच्या पाठीवर आले.

अंधार पडला. ताशिरोचा रस्ता शोधण्यासाठी पुढे पाठवलेली छोटी तुकडी बर्फात चक्राकार फिरून मुख्य तुकडीच्याच मागे येऊन उभी राहिली. होकायंत्राच्या सुया गोठून निकामी झाल्या होत्या. बर्फात खंदक खणून रात्र काढायचे ठरले. एका खंदकात सुमारे चाळीस माणसे. कोळसा पेटवला, पण तळाशी जमीन लागलीच नाही, सारे बर्फच. निखाऱ्यांनी खालचे बर्फ वितळले की शेगडी आणि भांडे आत आत खचत जाई. मध्यरात्रीच्या सुमारास हाती आला तो अर्धाकच्चा भात. झोपलात तर मराल, म्हणून शिपायांना पाय आपटत लष्करी गाणी म्हणायला लावले गेले. ज्या झऱ्यांसाठी सारा खटाटोप होता, ते तिथून जेमतेम दीड किलोमीटरवर होते.

यानंतरचा निर्णय सर्वांत घातक ठरला. पहाटेची वाट न पाहता, रात्री दोनच्या सुमारास, त्याच वादळात परतीची आज्ञा झाली. हालचाल न केल्यास माणसे गोठतील, हा त्यामागचा विचार. वरवर तो चुकीचा वाटत नाही. परंतु उपाशी, ओल्या, रात्रभर उभ्या असलेल्या माणसांकडे हालचालीसाठी लागणारे इंधनच उरलेले नव्हते. शरीर उष्णता निर्माण करते ती अन्नातून. थरथरणे हेही स्नायूंचे कष्टाचे काम आहे आणि त्यालाही साखर लागते. ती संपली की थरथर थांबते, आणि थंडी कमी झाली असा भास होतो.

काही वेळाने तुकडी एका घळीत अडकली. तेवढ्यात एका हवालदार दर्जाच्या सैनिकाने आपल्याला ताशिरोची वाट ठाऊक असल्याचे सांगितले. यामागुचीने कान्नारीला न विचारता त्याच्या मागे जाण्याचा हुकूम दिला. वाट कोमागोमे नदीच्या कड्याशी जाऊन संपली. आल्या वाटेने परत चढावे लागले, आणि त्या चढणीत माणसे गळू लागली. २४ तारखेच्या अखेरीस सुमारे एक चतुर्थांश माणसे मृत किंवा बेपत्ता होती.

शरीर थंडीशी कसे लढते, हे इथे थोडे सविस्तर पाहिले पाहिजे, कारण वाचलेल्यांच्या जबान्यांतील अनेक विचित्र प्रसंगांचा उलगडा त्यातून होतो. गारठा वाढला की शरीर हातापायांच्या रक्तवाहिन्या आकुंचित करते आणि ऊब हृदय, मेंदू, यकृत यांच्यासाठी राखून ठेवते. राजधानी वाचवण्यासाठी सीमेवरच्या चौक्या सोडून द्याव्यात, तसा हा व्यवहार. बोटे आधी बधिर होतात, मग गोठतात. हाक्कोदात शिपायांची बोटे इतकी बधिर झाली की विजारीची बटणे सोडता येईनात. लघवी कपड्यांतच झाली, ती गोठली, आणि त्या गोठलेल्या कपड्यांनी पुढचे काम केले. हातमोजा बदलता न येणे, काडी ओढता न येणे, डबा उघडता न येणे : थंडीत सैनिक प्रथम बोटांनी निकामी होतो.

शरीराचे आतले तापमान ३५ अंशांखाली गेले की विचार मंदावतो, बोलणे अडखळते, निर्णय बिघडतात. ही अवस्था स्वतःची स्वतःला कळत नाही, आणि अधिकाऱ्यालाही तिच्यातून सूट नसते. २४ आणि २५ तारखेच्या आज्ञा वाचताना हे ध्यानात ठेवावे लागते. नकाशावर बोट ठेवून त्या अधिकाऱ्यांना मूर्ख ठरवणे सोपे आहे. त्यांतील प्रत्येकाचा मेंदू तोपर्यंत थंड झालेला होता. दोष द्यायचाच तर तो आधीच्या, उबदार खोलीत घेतलेल्या निर्णयांना द्यावा.

तापमान आणखी घसरले की एक भयंकर प्रकार घडतो. आकुंचन पावलेल्या रक्तवाहिन्या थकून एकाएकी सैल पडतात, रक्त त्वचेकडे धावते आणि मरणोन्मुख माणसाला अंगाचा भडका उडाल्यासारखे वाटते. तो कपडे काढू लागतो. हाक्कोदात काही शिपायांनी वादळात अंगावरचे कपडे फेकून दिले, काहींनी नदीत उड्या घेतल्या. त्या काळी याला वेड म्हटले गेले. आजच्या वैद्यकाला हा थंडीने येणाऱ्या मृत्यूचा परिचित टप्पा म्हणून ठाऊक आहे.

२५ जानेवारी. त्या दिवशी उत्तरेकडील होक्काइदो बेटावरच्या आसाहिकावा येथे उणे ४१ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. जपानच्या अधिकृत नोंदींतील तो आजही नीचांक आहे. हाक्कोदात मोजणारे कोणी नव्हते. वाचलेल्यांच्या हकीकतींनुसार, पुन्हा वाट चुकल्याचे ध्यानी येताच कान्नारी उद्गारला, की आकाशानेच आपल्याला टाकले आहे. सेनापतीच्या तोंडची ती निराशा ऐकून तोवर कसेबसे उभे असलेले अनेक जण तिथेच कोसळले, असे सांगतात. शारीरिक सहनशक्तीचा शेवटचा धागा मनाशी बांधलेला असतो. तो तुटल्यावर तुकडी तुकडी राहिली नाही. चार-चार, पाच-पाच जणांचे घोळके वाट फुटेल तिकडे निघाले.

शेवटी कान्नारीने कॉर्पोरल गोतो फुसानोसुके याला तामोगिनो गाठून गावकऱ्यांना घेऊन येण्यास सांगितले. ज्या गावकऱ्यांचे साहाय्य चार दिवसांपूर्वी नाकारले होते, त्यांनाच. २७ तारखेच्या सकाळी शोधपथकाला बर्फात कमरेपर्यंत गाडलेला एक माणूस उभाच आढळला. तो गोतो होता, आणि जिवंत होता. कान्नारी जवळच असल्याचे त्याने सांगितले. कान्नारीला बर्फातून काढून औषध टोचू पाहिले, पण गोठलेल्या त्वचेत सुई शिरेना, असे वृत्तान्तांत म्हटले आहे.

शोध पुढे महिनोन्‌महिने चालला. होक्काइदोतून बेन्काई ताकोजिरो याच्या नेतृत्वाखाली ऐनू आदिवासींचे एक पथक आपल्या कुत्र्यांसह बोलावण्यात आले, आणि सैन्याला न सापडलेली कित्येक प्रेते त्यांनी शोधली. शेवटचे प्रेत मिळाले ते २८ मे रोजी, बर्फ वितळल्यावर. एकूण सतरा जण जिवंत हाती लागले. त्यांतील सहा नंतर मरण पावले. मेजर यामागुची त्या सहांपैकी एक. उरलेल्या अकरांपैकी आठ जणांचे हात, पाय वा बोटे कापावी लागली. गोतोही त्यांतलाच.

या अकरांमध्ये साध्या शिपायांचे प्रमाण फारच अल्प आहे, आणि हा योगायोग नव्हे. अधिकाऱ्यांचे कपडे चांगले होते, पाठीवर ओझे नव्हते, स्लेज ओढावी लागली नव्हती. कॅप्टन कुराइशी हाजिमे याने तोक्योत रबरी बूट विकत घेतले होते. ते घालूनच तो निघाला होता. शिपायांच्या पायांत गवताचे जोडे होते. ते उबदार खरे, पण आत शिरलेले बर्फ वितळून भिजले की पायालाच गोठून बसत. कुराइशीचे पाय शाबूत राहिले.

आता दुसरी तुकडी. हिरोसाकीच्या एकतिसाव्या रेजिमेंटचा कॅप्टन फुकुशिमा ताइझो हा आधीपासूनच थंडीतील कूच या विषयाचा अभ्यासक होता. त्याने फक्त ३७ माणसे निवडली, त्यांत अधिकारी व प्रशिक्षणार्थी अधिक, आणि बहुतेक त्याच मुलखातले. प्रत्येकाकडे अभ्यासाचा एकेक विषय सोपवला : बर्फाची खोली, अन्न, हिमदंश, पादत्राणे. वाटेतील गावांना आधीच पत्रे पाठवून मुक्काम, जेवण आणि वाटाडे यांची सोय लावली. त्यामुळे जड स्लेजची गरजच उरली नाही. पायांत एकावर एक तीन मोजे, त्यांवर तिखटाची पूड आणि वरून तेलकट कागद, असा बंदोबस्त केल्याचे वर्णन मिळते. तिखटाचा उपयोग किती झाला हे सोडा. पाणी आत येऊ न देणारा कागद मात्र शास्त्राला धरून होता.

२० जानेवारीला निघून ३१ जानेवारीला ही तुकडी हिरोसाकीस परतली. तोवादा सरोवराला वळसा घालून, बारा दिवसांत २२४ किलोमीटर. त्यांनाही हाक्कोदात वादळ लागले. त्यांनाही ताशिरोचे उष्ण झरे सापडले नाहीत, आणि एक रात्र बर्फातच उभ्याने काढावी लागली. पण वाळलेल्या झाडाची लाकडे पेटवून त्यांनी ती निभावली, आणि पुढची वाट जाणणारी माणसे त्यांच्यासमोर चालत होती.

१९७१ मध्ये नित्ता जिरो याने या प्रसंगावर कादंबरी लिहिली आणि १९७७ मध्ये तिच्यावरचा चित्रपट जपानभर गाजला. त्यात दोन्ही कॅप्टन परस्परांना हाक्कोदात भेटण्याचे वचन देतात. हे कल्पित आहे. दोन्ही रेजिमेंटांच्या मोहिमा एकमेकींशी जुळवलेल्या नव्हत्या. चित्रपटाने लोकांच्या मनात मूळ इतिहासाची जागा इतकी घेतली, की हे वेगळे सांगावे लागते.

सैन्याने चौकशी केली, पण वरिष्ठांपैकी कोणालाही कठोर शिक्षा झाली नाही. काही वर्षांतच गोतोचा ब्राँझचा पुतळा डोंगरातील उमाताते या उंचवट्यावर उभारण्यात आला. तो आजही तिथे आहे. आपत्तीचे असे शौर्यात रूपांतर करणे रशियाशी युद्धाच्या उंबरठ्यावर उभ्या राष्ट्राला सोयीचे होते. स्कीचे शिक्षण जपानी सैन्यात आले ते १९११ मध्ये, ऑस्ट्रिया-हंगेरीचा मेजर थिओडोर फॉन लेर्ख याच्याकडून.

रशियाशी युद्ध १९०४ मध्ये पेटले. आठवी डिव्हिजन मांचुरियात गेली. जानेवारी १९०५ च्या अखेरीस, हाक्कोदाला नेमकी तीन वर्षे होत असताना, गोठलेल्या मैदानावर हेइकौताईची लढाई झाली. तीत कुराइशी मारला गेला, आणि फुकुशिमाही.

फुकुशिमाच्या यशाला एक दुसरी बाजू आहे, आणि ती बराच काळ झाकलेली राहिली. हाक्कोदा ओलांडताना त्याच्या तुकडीसमोर सात गावकरी वाटाडे होते. छातीएवढ्या बर्फात पाऊलवाट पाडण्याचे काम त्यांचे. डोंगर उतरल्यावर, आओमोरीच्या वाटेवर, प्रत्येकाच्या हातावर दोन येन ठेवण्यात आले, आणि गेल्या दोन दिवसांत पाहिलेले कोणालाही सांगायचे नाही, अशी ताकीद देऊन त्यांना तिथेच सोडण्यात आले. परतीची वाट त्यांनी त्याच थंडीत एकट्याने काढली. सातही जणांना हिमदंश झाला होता, आणि त्यांतील काही पुन्हा धड काम करू शकले नाहीत. तुकडीच्या अहवालात मनुष्यहानी शून्य अशीच नोंद राहिली. गावकऱ्यांनी सैन्याच्या धाकाने तोंड उघडले नाही, आणि त्यांची हकीकत लिहून बाहेर यायला जवळजवळ तीन दशके लागली.